इंजिनाची बैठक

सकाळी ६.३०

आजचं काम एकच आहे. १९३२ च्या फोर्ड रोडस्टरमध्ये शेव्हरोलेचं व्ही-एट इंजिन बसवायचं आणि त्यासाठी दोन माउंटिंग हातानं घडवायची. बाजारात तयार माउंटिंग मिळतात आणि चांगलीही असतात. पण ही चासी मूळची, नव्वदी ओलांडलेली आहे. कुठे दोन मिलिमीटर वाकलेली, कुठे जुन्या मालकानं भोकं पाडून पुन्हा बुजवलेली. कारखान्यातल्या नवीन चासीच्या मापानं केलेला भाग हिच्यात सरळ बसत नाही. तिचं माप तिच्यावरच घ्यावं लागतं.

आमचं वर्कशॉप दक्षिण कॅलिफोर्नियात, पोमोनाजवळ. हॉट रॉडची पंढरी म्हणावी असा हा मुलूख. तीसच्या दशकात इथली पोरं जुन्या फोर्ड गाड्या चार पैशांत विकत घेत, मडगार्ड-बंपर काढून वजन उतरवत, इंजिनाला जोर आणत आणि म्युरॉक, एल मिराजसारख्या वाळवंटातल्या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर वेग मोजायला जात. त्यांच्या क्लबांनी मिळून १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. महायुद्ध संपल्यावर सैन्यातून परतलेल्या मुलांनी हा नाद आणखी वाढवला आणि जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिकच निघालं.

या सगळ्यात १९३२ च्या गाडीचा मान मोठा. सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशा गाडीत फोर्डनं व्ही-एट इंजिन दिलं ते त्या वर्षी. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. चासीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या दाराखाली उघड्या दिसतात आणि त्यांवर दाबून काढलेली एक नक्षीदार रेघ असते. तशी चासी फोर्डनं त्या एकाच वर्षी केली. म्हणून तिच्यावर वेल्डिंगची ज्योत लावण्याआधी मी दोनदा मोजतो आणि तिसऱ्यांदा भाच्याला मोजायला लावतो.

भाचा कॉलेजात मेकॅनिकल शिकतो आणि शनिवारी माझ्या हाताखाली येतो. आल्या आल्या त्यानं घोड्या लावल्या आणि पाणसळ घेऊन चासी समपातळीत आणायला लागला.

"समपातळीत नको रे. गाडी रस्त्यावर जशी उभी राहणार, तशी ठेव. पुढून खाली, मागून वर."

हॉट रॉडचं नाक खाली झुकलेलं असतं. पुढची चाकं लहान, मागची मोठी. चासी सपाट धरून इंजिन बसवलं आणि मग चाकं लावली, तर घेतलेले सगळे कोन बदलतात. त्यामुळे आधी चाकांची आणि स्प्रिंगांची मापं पाहून चासी तिच्या खऱ्या बैठकीत आणली. घोड्यांचे पाय जमिनीवर खडूनं आखून ठेवले, म्हणजे दिवसभरात कुणाचा धक्का लागला तर कळेल.

सकाळी ७.३०

इंजिन हॉइस्टला लटकवलं. पूर्ण जुळवलेलं इंजिन मी या कामाला लावत नाही. वेल्डिंगचा करंट परतीची वाट शोधत क्रँकच्या बेअरिंगमधून गेला, तर बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठभागावर डाग पडतात आणि पुढे ते बेअरिंग खातात. म्हणून रिकामा ब्लॉक घेतो. त्यावर हेड, मॅनिफोल्ड, डिस्ट्रिब्युटर, पंखा, स्टार्टर आणि एक्झॉस्टच्या नळ्या मात्र सगळ्या चढवतो. मागे गिअरबॉक्सचं रिकामं कवच.

ब्लॉक ३५० घनइंची आहे, म्हणजे ५.७ लिटर. शेव्हरोलेच्या या घराण्याचं पहिलं इंजिन १९५५ मध्ये आलं, २६५ घनइंचांचं. आकारानं आटोपशीर, स्वस्त आणि काही वर्षांत भंगारातही सहज मिळू लागलेलं. जुन्या फोर्डमध्ये शेव्हरोलेचं इंजिन घालायची रीत तिथून रुजली. पहिल्या काही वर्षांतल्या ब्लॉकला पुढच्या तोंडाशी आधार असे. १९५८ पासून ब्लॉकच्या दोन्ही कुशींवर तीन-तीन बोल्टांची जागा आली. आज आपली माउंटिंग तिथेच बसणार.

इंजिन कुठे बसवायचं, हे माझ्या मर्जीवर नसतं. पुढे रेडिएटर आहे. पंखा आणि त्याच्यामध्ये निदान इंचभर जागा हवी. मागे फायरवॉल आहे आणि या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर नेमका मागच्या टोकाला. त्याची टोपी वर उचलून काढता आली पाहिजे. खाली पुढचा क्रॉसमेंबर आणि स्टिअरिंगचा आडवा दांडा. तेलाचा संप त्यांना लागता कामा नये. डावीकडे स्टिअरिंग बॉक्स, उजवीकडे स्टार्टर. या सगळ्यांची सोय झाल्यावर जी जागा उरते, ती इंजिनाची.

चासीच्या मध्यातून पुढून मागे दोरा ताणला. क्रँकच्या नाकाला एक ओळंबा, गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला दुसरा. एक्झॉस्टची नळी स्टिअरिंग बॉक्सला घासत होती, म्हणून इंजिन उजवीकडे अर्धा इंच सरकवलं. पुढचं टोक अर्धा इंच सरकलं, तर मागचंही तेवढंच सरकायला हवं. इंजिन मध्यरेषेपासून बाजूला असलं तरी चालतं, तिरकं असलेलं चालत नाही.

सकाळी ९.००

आता कोन. क्रँकची रेषा मागच्या बाजूला साधारण तीन अंश खाली उतरते. मॅनिफोल्डवर कार्ब्युरेटर बसतो ती जागा कारखान्यातच उलट्या उताराची कापलेली असते. त्यामुळे क्रँकला योग्य उतार मिळाला की कार्ब्युरेटर आपोआप सपाट बसतो आणि त्याच्या वाटीतलं पेट्रोल एका बाजूला साचत नाही. त्या जागेवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यावर आला, पण मी मागच्या एक्सलचा कोन पाहिल्याशिवाय इंजिन पक्कं करत नाही.

प्रोपेलर शाफ्टला दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. जॉइंट वाकड्या कोनात फिरला, की शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. मागच्या जॉइंटचा कोन तेवढाच असेल, तर तो ही चढउतार पुसून टाकतो. त्यासाठी क्रँकची रेषा आणि मागच्या पिनियनची रेषा एकमेकींना समांतर असाव्या लागतात. त्या समांतर नसल्या, तर ठरावीक वेगाला गाडी थरथरू लागते. मग लोक चाकं बॅलन्स करतात, टायर बदलतात आणि थरथर जात नाही, कारण तिचं मूळ माउंटिंगच्या उंचीत असतं. उलट, जॉइंट अगदी सरळ रेषेतही नको. थोडा कोन असला तरच आतल्या बेअरिंगच्या सुया फिरतात. नाहीतर त्या एकाच जागी दाबल्या जाऊन खळगे पाडतात.

पिनियन तीन अंश वर, क्रँक तीन अंश खाली. समांतर. गिअरबॉक्सखाली लाकडाचे ठोकळे सारले, ब्लॉकला आटे पाडलेल्या सळयांनी चासीशी जखडलं आणि हॉइस्टची साखळी सैल केली. इथून पुढे इंजिनाला कुणी हात लावायचा नाही.

सकाळी १०.००

भाचा ब्लॉककडे बघत उभा होता.

"मामा, इंजिनाचं वजन दोनशे साठ किलो. गिअरबॉक्स धरून फार तर सव्वातीनशे. पुढच्या दोन माउंटिंगांवर शंभर-शंभर किलो येणार. मग एवढी जाड नळी कशाला?"

"वजनाचं काय घेऊन बसलास? खरा मार पिळाचा असतो. हिशोब कर."

त्यानं जमिनीवरच खडूनं आकडे मांडले. इंजिनाचा पीळ सुमारे ४७५ न्यूटन-मीटर. गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.५२ चा, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडताना पीळ १,२०० च्या घरात. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच सांगाड्यात बांधलेले, त्यामुळे तेवढीच उलट प्रतिक्रिया त्या सांगाड्याला झेलावी लागते. दोन माउंटिंगांमधलं अंतर अर्धा मीटर. भागाकार केला, तर प्रत्येक बाजूला २,४०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २४५ किलोंचा जोर. उजवीकडे खाली दाबणारा, डावीकडे वर उचलणारा. गाडी थांबलेल्या अवस्थेतून निघताना टॉर्क कन्व्हर्टर हा आकडा दुपटीच्या आसपास नेऊ शकतो.

भाच्यानं खडू ठेवला. "म्हणजे डावं माउंटिंग इंजिनाला आधार देतच नाही. ते इंजिनाला धरून ठेवतं."

हेच त्याला कळायला हवं होतं. मग त्याला १९७१ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षीच्या डिसेंबरात जनरल मोटर्सनं जवळपास ६७ लाख गाड्या परत बोलावल्या. बहुतेक १९६५ ते १९६९ च्या शेव्हरोले. त्या गाड्यांच्या माउंटिंगमध्ये दोन पोलादी पट्ट्यांच्या मधे रबर चिकटवलेलं असे आणि सगळा भरवसा त्या चिकटीवर. डाव्या बाजूचं रबर सुटलं, की जोर लावताच इंजिन त्या बाजूनं उचललं जाई आणि थ्रॉटलचा दांडा ओढला जाई. थ्रॉटल उघडला की इंजिन आणखी जोर करी आणि आणखी वर उठे. ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची नळीही निसटण्याचा धोका होता. उपाय म्हणून इंजिन उचललं जाऊ नये असा पोलादी तारदोराचा बंध बसवून देण्यात आला. रबर सुटेल हे गृहीत धरून पोलादाचा एक बंध आधीपासून असता, तर लाखो घरांत ती भीती शिरली नसती.

म्हणून माझ्या कामाचा नियम एकच आहे. रबर झिजणार, तेलानं फुगणार, एक दिवस फाटणार. ते फाटल्यावरही इंजिन जागच्या जागी राहिलं पाहिजे.

सकाळी ११.००

पुठ्ठा, कात्री, शिसपेन्सिल. ब्लॉकच्या कुशीवर पुठ्ठा दाबून तीन बोल्टांचे ठसे घेतले आणि पट्टी कापली. चासीच्या आतल्या बाजूला दुसरा तुकडा, मधल्या नळीसाठी तिसरा. पुठ्ठ्यावर केलेल्या विचाराला खर्च नसतो. ऑइल फिल्टर डावीकडे मागे आहे. तो काढताना पाना आणि हात आत जातो का, तेही पुठ्ठ्यावरच पाहिलं. नळीचा कोन थोडा बदलला आणि वाट मोकळी झाली.

रचना अशी: ब्लॉकला पाच मिलिमीटरची पट्टी. तिच्यातून निघणारी पावणेदोन इंची नळी, तीन मिलिमीटर जाडीची. नळीच्या टोकाला आडवं नळकांडं, त्यात युरेथेनचा बुश, बुशमध्ये पोलादी स्लीव्ह आणि तिच्यातून आरपार अर्ध्या इंचाचा बोल्ट. हा बोल्ट चासीवरच्या दोन कानांमध्ये अडकतो. उद्या बुश जळून गेला, तरी नळकांडं बोल्टाभोवतीच राहणार आणि दोन कानांमधून बाजूलाही निसटणार नाही.

गाडीचे मालक आले ते याच वेळी. वय झालेले गृहस्थ, पण ही गाडी ट्रेलरवर चढवून प्रदर्शनांत न्यायची नाही, रस्त्यावर चालवायची, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. माउंटिंगला क्रोम करून मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. क्रोमच्या थराखाली बारीक फट लपते, पातळ रंगावर ती लगेच गंजाची रेघ होऊन दिसते. दुसरा प्रश्न, रबराची भानगड काढून सरळ लोखंडाला लोखंड का जोडत नाही? शर्यतीच्या गाडीत तसं करतात. रस्त्यावर मात्र इंजिनाची सगळी थरथर चासीत उतरते, वेल्ड आणि ब्रॅकेट थकून तडकतात आणि चासीचा प्रत्येक पीळ थेट ब्लॉकच्या कानांवर येतो. त्यांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या आणि उभ्याउभ्या पुठ्ठ्याचा साचा हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला.

दुपारी १२.००

कापाकापी. पट्ट्यांवरची कारखान्याची काळी साय ग्राइंडरनं घासून खालचं चकचकीत लोखंड काढलं. ती साय वेल्डमध्ये गेली की वेल्ड पोकळ होतो. नळीच्या टोकाला होल सॉनं माशाच्या तोंडासारखी खाच पाडली, म्हणजे ती नळकांड्याला चहूबाजूंनी बिलगेल. मग अर्धगोल कानस घेऊन खाच हातानं बसवली. उजेडासमोर धरायचं, उजेड दिसेल तिथे घासायचं. फटीत कागद जेमतेम सरकेल एवढी बसली, की थांबायचं. फट मोठी ठेवून ती वेल्डच्या तारेनं भरली तर वरून छान दिसते, पण तो सांधा आकसताना नळी ओढून घेतो आणि कोन जातो.

कोल्हापुरात उद्यमनगरात मी फिटरचं काम शिकलो, तिथे नवख्याच्या हातात पहिली कानसच येई. आज भाच्याच्या हातात दिली. त्यानं उजव्या नळीची खाच घासली, मी डावीची.

दुपारी १.००

डबा. भाकरी, पिठलं, लसणीची चटणी. अर्धा तास.

दुपारी १.३०

चासीवरच्या कानांसाठी आधी बूड तयार केलं. चासीचा पत्रा साधारण तीन मिलिमीटरचा. त्याच्यावर कान थेट जोडले, तर जोर दोन रेघांवर एकवटतो आणि पत्रा तिथेच फाटतो. म्हणून सहा मिलिमीटरची पट्टी घेतली आणि तिची दोन्ही टोकं निमुळती कापली. टोक चौकोनी ठेवलं, तर वेल्डची उभी रेघ चासीला आडवी जाते आणि चासी वाकताना तिथूनच तडा सुरू होतो. निमुळत्या टोकाचा वेल्ड चासीच्या लांबीच्या दिशेनं उतरत जातो आणि भार हळूहळू पसरतो.

चासीची पट्टी मूळची तीन बाजूंनी बंद, आतून उघडी. व्ही-एटच्या पिळानं ती वळते, म्हणून तिची आतली बाजू पत्र्यानं बंद करून पेटीसारखी केलेली आहे. अशा पोकळ पेटीतून बोल्ट आरपार न्यायचा, तर आत नळीचा तुकडा घालून दोन्ही बाजूंना वेल्ड करावा लागतो. नाहीतर नट आवळताना पेटी चेपत जाते आणि बोल्ट कधीच घट्ट होत नाही. गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरसाठी अशा नळ्या मागच्या आठवड्यातच बसवल्या होत्या.

सगळे भाग जागेवर धरून टाके मारले. प्रत्येक सांध्याला चार, समोरासमोर. पहिल्या टाक्यानंतर कोन पाहिला, चौथ्यानंतर पुन्हा पाहिला. काटा तीनवरच होता.

दुपारी २.३०

माउंटिंग काढून टेबलावर घेतली. पूर्ण वेल्डिंग बुश आत असताना करत नाही, युरेथेन वितळतं. नळकांड्यात बुशच्या जागी अॅल्युमिनियमचा घट्ट ठोकळा ठोकला. तो उष्णता ओढून घेतो आणि नळकांडं लंबगोल होऊ देत नाही.

टिग वेल्डिंग, आर्गॉन गॅस, करंट एकशेवीस अँपियरच्या आसपास. टंगस्टनचं टोक कामापासून दोन-तीन मिलिमीटरवर. पायातलं पेडल दाबलं की निळसर ठिणगीखाली लोखंड ओलं झाल्यासारखं चमकतं आणि वाटाण्याएवढं तळं तयार होतं. तळं दोन्ही बाजूंच्या लोखंडात शिरलं, कडेची रेघ विरघळली, की तारेचं टोक त्याच्या पुढच्या काठाला टेकवायचं. तार विरघळते, तळं फुगतं. टॉर्च दीड-दोन मिलिमीटर पुढे. पुन्हा तार. घाई केली तर तार वरच्यावर बसते, रेंगाळलं तर नळीला भोक पडतं. नळी गोल असल्यानं मनगट सतत वळवावं लागतं, म्हणून एका दमात पाव फेरा. मग समोरच्या बाजूचा पाव, मग उरलेले दोन. अशानं एका बाजूची ओढ दुसरी बाजू फेडते.

शेवटी ठिणगी एकदम तोडायची नाही. पेडल हळूहळू सोडायचं आणि तळं थंड होईपर्यंत टॉर्च तिथेच धरून गॅस चालू ठेवायचा. एकदम तोडलं तर शेवटच्या टिंबात खड्डा राहतो आणि बहुतेक तडे तिथूनच निघतात. भाचा काळ्या काचेआडून पाहत होता. त्याला मी वेल्डचा रंग पाहायला सांगितलं नाही, शेवटचं टिंब पाहायला सांगितलं.

वेल्ड आपोआप गार होऊ दिले. पाण्यात बुडवले नाहीत.

दुपारी ४.००

फट शोधायची तपासणी. वेल्ड साफ पुसला, लाल रंगाचा पातळ द्रव फवारला आणि दहा मिनिटं मुरू दिला. तो केसाएवढ्या फटीतही शिरतो. मग वरचा रंग पुसून पांढरी पावडर फवारली. आत फट असेल, तर त्यातला लाल रंग शोषला जाऊन पांढऱ्यावर रेघ उमटते. दोन्ही माउंटिंग भिंग लावून सगळीकडून पाहिली. पांढरं कोरं राहिलं.

अॅल्युमिनियमचे ठोकळे काढले. नळकांड्यांची आतली मापं दोन दिशांनी घेतली, गोलाई कायम होती. चासीवरची बुडं जागेवरच पूर्ण वेल्ड केली, अर्थिंगचा चिमटा सांध्याशेजारीच लावून.

संध्याकाळी ५.००

आता खरी परीक्षा. माउंटिंग ब्लॉकला लावली, बोल्ट कानांत घातले, लाकडी ठोकळे आणि सळया काढल्या. ब्लॉक स्वतःच्या बैठकीवर बसला. कार्ब्युरेटरच्या जागेवर पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्यावर.

मग भाच्याला दोन्ही बुश काढायला लावले. पोलादी स्लीव्ह आणि बोल्ट ठेवले, युरेथेन तेवढं गेलं. म्हणजे रबर पूर्ण नष्ट झाल्याचा तो दिवस आजच आणला. हॉइस्ट सैल केला. ब्लॉक नऊ-दहा मिलिमीटर खाली उतरला आणि थांबला. मग डाव्या बाजूला जॅक लावून वर रेटलं. नळकांड्याची खालची कड स्लीव्हला टेकली आणि ब्लॉक अडला. जॅकचा दांडा जड झाला, डावीकडची घोडी हलकी व्हायला लागली. म्हणजे जॅक आता अख्खी चासी उचलू पाहत होता. इंजिन सुटलं नाही.

त्याच अवस्थेत बाकीचं पाहिलं. खाली उतरलेल्या स्थितीत पंखा रेडिएटरला लागत नाही. वर उचललेल्या स्थितीत डिस्ट्रिब्युटर फायरवॉलला लागत नाही, एक्झॉस्ट स्टिअरिंगला लागत नाही. थ्रॉटलला दांडा न लावता केबल ठेवायची आणि तिला या हालचालीपेक्षा जास्त ढील द्यायची, हे भिंतीवरच्या कामाच्या यादीत लिहिलं.

भाचा म्हणाला, "मामा, हे रोज कुणी करून बघत असेल का?"

"करायला हवं. गाडीत माणूस बसणार आहे."

संध्याकाळी ६.००

ब्लॉक उतरवला, माउंटिंग रंगाला गेली. काळा, पातळ थर. मग वही काढली. या गाडीची एक वेगळी वही आहे आणि ती शेवटी मालकांना द्यायची आहे. तिच्यात क्रँकचा कोन, पिनियनचा कोन, उजवीकडे सरकवलेला अर्धा इंच, नळीचं माप आणि बोल्टांची प्रत उतरवली. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत, हेही लिहिलं. बुशचं माप ठळक लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. हा बुश मी मुद्दाम कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळणाऱ्या मापाचा घेतला आहे. तो बदलायची वेळ येईल, तेव्हा हे वर्कशॉप असेल-नसेल. ज्या मेकॅनिकच्या हातात गाडी असेल, त्यानं एक बोल्ट काढावा, नवा बुश घालावा, बोल्ट आवळावा आणि गाडी मालकाच्या हवाली करावी.